लेखन सुरू आहे, दार वाजवू नये

मारतहळ्ळी, बंगळूर
६ जुलै २०२५

ती. पुष्पाअक्का यांस,
शंभूराजचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. तुमची भाची शिल्पा मजेत आहे, मीटिंगमध्ये आहे. तुमच्या इथल्या मराठी शिंपी समाजाचं यंदाचं नाटक तुम्ही माझ्यावर सोपवलंत, तेव्हापासून मी मोबाईल रोज संध्याकाळी दोन तास स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवतो आणि जे काही बोलायचं ते शाईच्या पेनाने लिहून बोलतो. विचार खोल जातात.

नाटकाची तयारी जोरात आहे. म्हणजे आधी जागेची. अक्का, चांगलं लिखाण चांगल्या जागेतूनच येतं, असं माझं स्पष्ट मत झालंय. आमच्याकडे कपडे वाळत घालायची एक लहान खोली होती, ती मी लिखाणासाठी घेतली. कपडे आता हॉलमध्ये वाळतात. शिल्पा आधी ऑफिसचं काम तिथे बसून करायची, ती डायनिंग टेबलावर गेली. तिने फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. खुर्ची मागवलीये. पाठीचा कणा, मान, मनगट, सगळ्याला वेगळा आधार देते. दिवा पिवळसर हवा, पांढऱ्या उजेडात कल्पना मरतात.

एकच गोष्ट अडलीये. टेबल. बाजारातली टेबलं निर्जीव वाटतात. शिल्पा म्हणते, कै. नरसिंहरावकाकांचं शिसवी कटिंग टेबल तुमच्या दुकानात आहे. ते मिळालं तर काय बहार येईल! जुन्या लाकडात एक एनर्जी असते.

पुण्याला कॉलेजात असताना मी एकांकिका केल्या होत्या, हे मी साखरपुड्यात सांगितलंच होतं. तेव्हा निर्धास्त राहा.

आपला,
शंभूराज

यशवंतपूर
१२ जुलै

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मारतहळ्ळीहून यशवंतपूरला माणूस बसने दीड तासात येतो, तुमचं पत्र चार दिवसांनी आलं. विचार खोल गेल्यामुळे असेल.

टेबल पाठवते. ते गिऱ्हाईक नसताना माझं आणि असताना यजमानांचं असायचं. चौतीस वर्षं समाजाचं नाटक मी त्यावरच लिहिलं, तेही उभ्यानं, तोंडात ब्लाउजचे हूक धरून. खुर्ची कुठल्या मेलीला! बसलं की डोळा लागतो.

नाटकाचे पहिले दोन अंक माझे लिहून झालेत, तेही टेबलाबरोबर देते. तिसरा मला होत नाही, दीड वर्ष झालं, गेल्या साली नाटकच झालं नाही. मुख्य काम यजमानांचं ठरलेलं असायचं. आता त्यांच्या प्रवेशापाशी आले की हात थांबतो. रडू येतं म्हणा ना, लपवायचं काय त्यात. म्हणून तिसरा अंक तुम्ही लिहायचा. सगळं नाटक लिहा असं मी कधीच म्हटलं नव्हतं, ते तुम्हीच वाढवलंत.

आमची रीत तुम्हाला नवीन, म्हणून सांगते. आयुधपूजेला आम्ही कात्री, टेप, शिलाईची मशिनं पुजतो आणि त्यांच्यातच नाटकाची लिहून पुरी झालेली प्रत ठेवतो. पूजेतलं फूल आपोआप पडलं, म्हणजे देवाचा कौल मिळाला, की दुसऱ्या दिवसापासून तालमी. प्रत नाही तर नाटक नाही. यंदा पूजा १ ऑक्टोबरला आहे. आमचे नवे सेक्रेटरी अनिलकुमार टपूनच बसलेत. त्यांचं म्हणणं, या भाषेतलं नाटक आता कोण बघतो, सुम्ने, उगाच वेळ जातो, ऑर्केस्ट्रा बोलवू. एकदा ऑर्केस्ट्रा आला की नाटक गेलं. आमची ही अर्धी कानडी मराठी मग फक्त स्वयंपाकघरात राहील, आणि माझ्यामागे तिथेही नाही.

तेव्हा एनर्जी सांभाळून वापरा.

अक्का

मारतहळ्ळी
२७ जुलै

ती. अक्का,
सा. न.

टेबल आलं! टेम्पोवाला गुंडो आणि मी, दोघांनी चौथ्या मजल्यावर चढवलं. पाय स्वल्प डुगडुगतात, पण त्यातच त्याचं सौंदर्य आहे. (बघा, तुमचं 'स्वल्प' मी उचललं!)

आधी पॉलिश करावं म्हटलं, मग थांबलो. त्यावर खडूच्या, कात्रीच्या खुणा आहेत, त्या प्रामाणिक वाटतात. फक्त भिंत त्याला शोभत नव्हती. अख्खा शनिवार-रविवार घालवून मी स्वतःच्या हाताने ती रंगवली, फरशीवर रद्दी कागद पसरून. रंग फिका हिरवा, ऋषींच्या आश्रमासारखा. कोपऱ्यात तीन झाडं आणलीत, एकाच्या पानांना जन्मतःच भोकं असतात. दारावर पाटी लावलीये: 'लेखन सुरू आहे, दार वाजवू नये.' सुरेख अक्षरात करून घेतली.

काल तिथे पहिल्यांदा अडीच तास बसलो. लिहिलं नाही, पण खोलीशी ओळख झाली. घाई करून चालत नाही, प्रोसेस असते.

आपला,
शंभूराज

यशवंतपूर
४ ऑगस्ट

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

खोलीशी ओळख झाली, आनंद आहे. आता घरच्यांशीही करून घ्या. शिल्पाचा परवा फोन आला होता, ओल्या टॉवेलाखाली बसून साहेबाशी बोलते म्हणाली. हसत होती. ती माझ्या भावाची मुलगी आहे, रागावली की हसते. जपून असा.

भोकाच्या पानांचं झाड विकत आणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आमच्या परसात किडीने फुकट करून दिली असती.

विचारायचं ते हे, की टेबलाबरोबर दिलेले दोन अंक वाचलेत का? त्यात तुम्ही अक्षर न अक्षर बघावं अशी माझी इच्छा आहे, कारण तिसरा त्यातूनच निघायचा. रंगाचा विषय आपण सोडू या. 'घोडं कुठं पेंड खातंय' एवढं एका ओळीत कळवा.

अक्का

मारतहळ्ळी
१७ ऑगस्ट

ती. अक्का,
सा. न.

वाचले, वाचले! दोनदा वाचले. लगेच कळवलं नाही, कारण मी भारावलो होतो. तुमची ती वही हातात घेतली आणि अक्षर बघतच राहिलो, कसं टपोरं! पानापानातून एक स्त्री बोलते. पहिला अंक बांधीव आहे, दुसऱ्यात तर तुम्ही कमालच केलीत. तिसऱ्याची रूपरेषा माझ्या मनात तयार आहे. कागदावर उतरायचं तेवढं राहिलंय.

इथे एक अडचण झाली. समोर इमारतीचं काम सुरू आहे, ठोकाठोक चालते. म्हणून आवाज बंद करणारे हेडफोन घेतले. आता इतकी शांतता आहे, की स्वतःचा श्वास ऐकू येतो आणि त्यानेच लक्ष विचलित होतं. त्यावर पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावतो.

आपला,
शंभूराज

यशवंतपूर
२२ ऑगस्ट

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

दोनदा वाचलेत? अय्यो, मी धन्य झाले. माझी 'वही' तुम्हाला आवडली, हे वाचून मी दुकानात उभीच राहिले थोडा वेळ, हातातला गळा कापायचा राहिला. ब्लाउजचा हो.

आता तुम्ही एवढं मनापासून वाचलंयत तर एक शंका विचारते. दुसऱ्या अंकात ती गौरी आहे ना, ती शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. अनिलकुमारांना ते खटकेल असं वाटतं. ठेवू तशी, का तिला चार वाक्यं देऊ? तुम्ही शिकलेले, नाटकातले. स्पष्ट सांगा, भीडभाड नको.

गणपतीला मोदक पाठवते, शिल्पासाठी. तुम्हाला मिळाले तर खा.

अक्का

मारतहळ्ळी
५ सप्टेंबर

ती. अक्का,
सा. न.

मोदक मिळाले. दोन.

गौरीबद्दल विचारलंत, बरं झालं. तिला कृपा करून बोलायला लावू नका! तिच्या मौनात शतकांची वेदना आहे. बाकी सगळे बोलतात आणि ती नुसती बघते, ते बघणंच प्रेक्षकाला आतून हलवतं. मला तर वाटतं ती या नाटकाचा आत्मा आहे. तिसऱ्या अंकात मी तिला केंद्रस्थानी आणतोय. अंधुक प्रकाश आणि गौरी, बास.

लहान तोंडी मोठा घास घेतो, पण आणखी एक सुचवतो. भाषा थोडी शुद्ध केली तर? 'स्वल्प', 'सरी', 'सुम्ने' हे ऐकायला गोड आहे, पण पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाचा विचार करता प्रमाण मराठी बरी. मी तिसरा अंक लिहितानाच पहिले दोनही सुधारून देईन. माझ्यासाठी ते काहीच नाही.

जागा आता अगदी हवी तशी झाली आहे. खुर्ची मागे किती कलावी, याचा कोन सापडला. येत्या रविवारपासून प्रत्यक्ष लेखन.

आपला,
शंभूराज

यशवंतपूर
१६ सप्टेंबर

जावईबापू,

गौरी माझ्या नाटकात नाही. गौरी ही समोरच्या दूधवाल्याची गाय. ती बोलत नाही हे खरं, आणि सगळ्यांकडे नुसती बघते हेही खरं. शतकांची वेदना मात्र तिला नसावी, काल तिने माझ्या दुकानाबाहेरचं अख्खं तोरण खाल्लं.

तुम्ही 'वही' म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. मी आयुष्यात वहीत नाटक लिहिलेलं नाही. तरी म्हटलं, जावई माणूस, एकदम खोटा नको पाडायला, स्वतः जाऊन बघावं. परवाच्या रविवारी दुपारी मी तुमच्याकडे आले होते. हो, आले होते. शिल्पाने तुम्हाला सांगितलं नाही, कारण मीच नको म्हटलं.

दारावर पाटी होती. 'लेखन सुरू आहे.' मी वाजवलं नाही, ढकललं. तुम्ही खुर्चीत होतात. कोन खरंच चांगला सापडलाय, तोंड उघडं होतं आणि कानातल्या पावसाचा आवाज मला दारापर्यंत येत होता.

मग माझं लक्ष झाडांकडे गेलं. कुंड्यांखाली खाकी कागद घातलेत तुम्ही. आम्ही ज्या कागदावर बाहीचे, गळ्याचे साचे कापतो, तो कागद. त्यावरच मी लिहिते, चौतीस वर्षं, कारण तो हाताशी असतो आणि गिऱ्हाईक आलं की उलटा करून ठेवता येतो. टेबलाच्या पायांत सुतळीने बांधून चौदा कागद दिले होते. एका कुंडीखाली माझा दुसरा अंक निघाला. अर्ध्यावर तुमचा आश्रमाचा हिरवा रंग, उरलेल्यावर कुंडीचं पाणी. बाकीचे शिल्पाने दाखवले. काही कचऱ्यात गेले म्हणाली, काही माळ्यावर होते. तुमच्या बुटांचे ठसे आहेत त्यावर.

तुम्ही मला न वाचता वाचलं म्हणालात, त्याचा राग आहेच. पण माझी भाषा सुधारून देतो म्हणालात ना, त्याने जास्त लागलं. साडेतीनशे वर्षं झाली आम्हाला इथे येऊन. कानडी शेजाऱ्यांच्यात राहून जेवढी टिकवली तेवढी टिकवली, त्यात शिळं काय आणि शुद्ध काय हे तुम्ही मला सांगू नका. तुमची पाठ सरळ राहावी म्हणून एवढा खटाटोप, आणि एक सरळ वाक्य येईना?

कॉफी पिऊन मी निघाले. हेब्बाळपर्यंत बसमध्ये रडले. खिडकीशी एक मुलगी होती, तिने पाणी दिलं.

पूजेला पंधरा दिवस आहेत. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

पुष्पावती

मारतहळ्ळी
२३ सप्टेंबर

अक्का,

हे पत्र मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून लिहितोय. खोलीत शिल्पा आहे. तिने पाटी उलटी करून त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. खुर्चीतही तीच बसते. तीन महिने तिची पाठ दुखत होती म्हणे. मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

आधी सगळं सांगून टाकतो. दोन अंक टेबलाबरोबर दिलेत असं तुम्ही लिहिलं होतंत, ते मी वाचलं होतं. टेबल आल्याच्या आनंदात विसरलो. कागद सुतळीत बांधलेले दिसले, बाहीचे आकार दिसले, वाटलं दुकानातली रद्दी आहे. उलटून बघितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा वाटलं, वही कुठल्यातरी खोक्यात असेल, सापडली की वाचू, तोवर वाचली म्हणू. गौरीबद्दल लिहिताना मला खरंच ती दिसत होती, हे त्यातलं सगळ्यात लाजिरवाणं.

आणि कॉलेजात मी एकांकिका केल्या नाहीत. मी पडदा ओढायचो. एकदा तोही अर्ध्यात अडकला.

सगळे कागद गोळा केले. माळ्यावरचे, कुंड्यांखालचे, दोन तर खाली सोसायटीच्या, महिनोन्महिने रिकाम्या न होणाऱ्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात वाकून काढले, वॉचमनने फोटो काढला. चौदापैकी नऊ मिळाले. ओल्या फडक्याने रंग काढायला गेलो तर अक्षरंच निघाली, म्हणून थांबलो. वाचता येतं तेवढं रोज उतरून काढतो. वाचता वाचता मी दोनदा मोठ्याने हसलो, शिल्पा बघायला आली. दुसऱ्या अंकात सासू म्हणते, 'सरी सरी, तुझंच खरं, पण भाकरी माझीच खा.' हे शुद्ध केलं तर मरून जाईल, एवढं मलाही कळलं.

मधल्या हरवलेल्या जागा मला भरता येत नाहीत. तिसरा अंकही लिहून बघितला. ओट्याशी बसून, बाथरूमबाहेर उभं राहून, बसस्टॉपवर. सहा ओळी झाल्या, सहाही वाईट. त्या खोलीत तीन महिन्यांत मी तुम्हाला लिहिलेली पत्रं सोडून काहीही लिहिलं नाही.

अनिलकुमारांकडे मी स्वतः जातो. माझ्यामुळे झालं, नाटक बंद करू नका, असं सांगतो. तुम्ही म्हणाल तेव्हा जातो.

मला माफ करा असं लिहायला हात होत नाही. पण करा.

शंभूराज

यशवंतपूर
२ ऑक्टोबर, विजयादशमी

शंभूराज,

आता जावईबापू पुरे झालं, आणि 'तुम्ही'सुद्धा. कचऱ्याच्या डब्यात वाकलेल्या माणसाला अहोजाहो काय करायचं!

काल पूजा झाली. तुला मुद्दामच बोलावलं नव्हतं. सगळा समाज दुकानात, बाहेर रस्त्यावर दृष्ट काढलेले कोहळे फुटलेले, प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा खच. अनिलकुमार पांढऱ्या शर्टात पुढेच बसलेले. कात्र्या मांडल्या, टेप मांडली, मशिनांना कुंकू लावलं. म्हणाले, अक्का, प्रत? आवाजात एवढा गोडवा होता की मला कळलं, ऑर्केस्ट्रा ठरवून आलेत.

मी तुझी पाच पत्रं ठेवली. मशिनच्या लाल दोऱ्याने बांधून.

माझी उत्तरं तुझ्या फाईलीतून शिल्पाने आणून दिली. तू क्रमाने लावून ठेवली होतीस, तेवढं एक काम नीट केलंस. अनिलकुमार म्हणाले, ही तर पत्रं आहेत, नाटक कुठाय? मी म्हटलं, बसा खाली. आणि उभ्यानं वाचायला लागले. एक तुझं, एक माझं. खुर्चीच्या कोनापाशी बायका हसायला लागल्या. गौरीपाशी दूधवाला स्वतः रस्त्यावरून आत आला. शतकांची वेदना म्हटल्यावर अनिलकुमारांच्या हातातले चुरमुरे शर्टावर सांडले, आणि मेला हा माणूस डोळे पुसत होता. मग माझं बसमध्ये रडल्याचं पत्र आलं, तेव्हा बायकांनी चुरमुरे खाली ठेवले. तुझं ओट्यावरचं वाचून झालं आणि मागून कुणीतरी म्हणालं, फूल पडलं. खरंच पडलं होतं, कात्रीवरची शेवंती.

तर यंदाचं नाटक हेच. नाव तुझ्या पाटीचं. मागचे दोन अंक जाऊ देत. ते बरे होते, मी काही थोर मनाने बोलत नाही, पाच कागद गेले त्याचं मला मरेपर्यंत वाईट वाटेल आणि सणावाराला मी ते ऐकवीन. पण दीड वर्ष मी अडले होते ती एवढ्यासाठीच, की काम करणारा माणूसच नाही, मग प्रवेश कुणाचा लिहू. आता माणूस मिळाला. अक्कल कमी आहे, पण ती रंगमंचावर चालते.

हो, जावयाचं काम तूच करायचं. दुसरा कुणी एवढं खरं करणार नाही. अनिलकुमारांनी स्वतःहून खुर्चीमागे भोकाचं झाड धरून उभं राहायचं कबूल केलंय.

यजमान ज्या काळ्या कोटात काम करायचे तो मी उसवायला घेतलाय. खांद्यात तुला बसेल, पोटात सोडावा लागेल, बाह्या आखूड. रविवारी माप द्यायला ये. शिल्पाला विचारून ये, घर तिचं आहे. येताना टेबल आण, नाटकाला लागेल आणि नंतर मलाही लागेल. हिरवे डाग पडले असतील तर राहू देत.

शब्द पाठ करायला तुला त्रास नाही, तुझेच आहेत. मी एकही बदललेला नाही. तूही बदलायचा नाहीस. उभा राहून, सगळ्या समाजासमोर, लिहिलंयस तस्सं म्हणायचं.

अक्का